किक-ऑफला 40 मिनिटं

फुटबॉलचा बाद फेरीचा सामना होता आणि माझी ड्युटी गेटवर, तिकीट-स्कॅनरपाशी. गेट 3 तास आधी उघडलं, पण पहिले 2 तास रांग अशी लागलीच नाही. शेवटच्या 40 मिनिटांत लोंढा आला आणि एका माणसापाशी अडला. चौघांची तिकिटं त्याच्या एकट्याच्या फोनवर; बाकी तिघांना त्याने स्क्रीनशॉट पाठवलेले. या तिकिटांवरचा कोड सारखा बदलत राहतो, त्यामुळे स्क्रीनशॉट धरला की लाल दिवा. ॲपमधून तिकीट पाठवायला जावं, तर नेटवर्क नाही. आजूबाजूचे हजारो फोन त्याच टॉवरवर. बॅटरी 4 टक्के. मदत-कक्षाच्या वायफायवरून एकेक तिकीट पाठवेपर्यंत राष्ट्रगीतं होऊन गेली. फार वाईट वाटलं. आदल्या रात्री घरी हेच काम 5 मिनिटांचं असतं: ज्याचं तिकीट त्याच्या फोनवर, वॉलेट ॲपमध्ये घेऊन ठेवलेलं, आणि गेट, ब्लॉक, सीट कागदावर लिहिलेलं.

चुकीच्या गेटवर आलेलेही बरेच. स्टेडियमचा वळसा नकाशावर छोटा दिसतो, पण सामन्याच्या दिवशी मध्ये कुंपणं असतात. 20 मिनिटं सहज जातात. म्हणून स्टेशन निवडताना आपल्या गेटची बाजू बघा. बॅगेचं मापही आधीच तपासा. मोठी बॅग सुरक्षा-कड्यावरूनच परत पाठवतात.

परतीचा हिशेब मात्र सगळ्यात जास्त चुकतो. 90 मिनिटं, 15 चं मध्यंतर, वर खेळ थांबल्याची भरपाई वेळ, म्हणजे 2 तास. 2022 च्या विश्वचषकात इंग्लंड-इराण सामन्यात नुसती भरपाईच 25 मिनिटांच्या वर गेली होती. बाद फेरीत बरोबरी झाली की जादा 30 मिनिटं, मग पेनल्टी. 3 तास होत आले म्हणून समजा. शेवटची गाडी त्यानंतरची हवी. शिवाय स्टेशनवर गर्दी टप्प्याटप्प्याने सोडतात. अर्धा तास सीटवर बसून राहा, नाहीतर चालत पुढचं स्टेशन गाठा.

त्या रात्री बरोबरीच झाली. 2 तासांच्या हिशेबाने गाडी ठरवलेले लोक जादा वेळेत माझ्या समोरून बाहेर पडत होते, सारखे मागे वळून बघत. पेनल्टीचा गलका उठला तशी त्यांतली दोघं धावत परत आली. एकदा बाहेर पडलेल्या तिकिटावर आमचा स्कॅनर पुन्हा हिरवा होत नाही.