लाल पॅड लागत नव्हता

"मामा, मला ताल नाही का?"

भाचीनं व्हिडिओ गेमच्या ड्रमच्या काठ्या खाली ठेवत विचारलं. गणपतीच्या मिरवणुकीत लेझीमच्या ताफ्यात पहिल्या रांगेत असते ही पोरगी. पडद्यावर लाल खूण खाली येत होती, ती वेळेवर मारत होती आणि खेळ मात्र चूक धरत होता. बाकीच्या पॅडांवर तिचा हात व्यवस्थित बसत होता. म्हणजे अडचण हाताची नव्हती. पण बारा वर्षांच्या मुलीला हे नुसतं सांगून पटत नाही, दाखवावं लागतं.

2007 मध्ये रॉक बँड आणि 2008 मध्ये गिटार हिरो वर्ल्ड टूर हे व्हिडिओ गेम आले. घरात बसून ड्रम वाजवायची लाट तेव्हाची. आमचा सेट त्याच काळातला, चार पॅड आणि एक पेडल, एक्सबॉक्स 360 या गेम कन्सोलचा, वायरवाला. चुलतभावानं परदेशातून आणला होता. पुढे तो आमच्याच माळ्यावर, पत्र्याखाली कितीतरी उन्हाळे पडून राहिला. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळीसच्या वर जातो. पत्र्याखाली काय होत असेल ते इथल्या माणसाला सांगायला नको. आता तो संगणकाला जोडून क्लोन हिरो हा फुकटचा खेळ आम्ही खेळतो.

पहिल्या संध्याकाळी मी चूक केली. पॅडमध्ये सेन्सर असतो आणि तो सुटत असेल, एवढ्या माहितीवर लाल पॅड उघडला आणि हॉट ग्लू भरला. काही फरक पडला नाही. उलट तो ग्लू खरवडून काढण्यात रविवार गेला. दोष नेमका कुठे आहे ते कळायच्या आत हत्यार उचलू नका, ही माझी अगदी कळकळीची विनंती.

मग खेळ बंद केला. वायरवाली 360 ची उपकरणं विंडोज आपण होऊन ओळखतं. विंडोजच्या 'रन' चौकटीत 'जॉय डॉट सीपीएल' (joy.cpl) टाइप केलं की गेम कंट्रोलरची खिडकी उघडते, आणि प्रॉपर्टीजमध्ये प्रत्येक बटणाचा दिवा दिसतो. ड्रमसुद्धा संगणकाला बटणंच पाठवतो: हिरवा 1, लाल 2, निळा 3, पिवळा 4, पेडल 5. भाचीला म्हटलं, "सावकाश पन्नास ठोके मार, मोठ्यानं मोज." मी दिवे मोजले. ते 33 भरले.

"हे बघ, सतरा ठोके तू मारलेस, पण ते आतच अडकले." ती काही बोलली नाही, पण मोजायची वही तिनं स्वतःकडे ओढून घेतली.

आत काय असतं तेही सांगतो. रबराखालच्या प्लास्टिकला पितळेची एक पातळ चकती चिकटवलेली असते आणि तिच्यावर पांढऱ्या सिरॅमिकचा थर असतो. हा पिझो. ठोका बसला की चकती किंचित वाकते आणि क्षणभर व्होल्टेज तयार होतं. दोन बारीक वायरी ते बोर्डाकडे नेतात. ठरावीक पातळीच्या वर गेलं तरच बोर्ड त्याला ठोका मानतो. त्यामुळे चकती, वायरीचा टाका (सोल्डरचा जोड), वायर, बोर्ड यांपैकी काहीही बिघडलं तरी बाहेरून तक्रार एकच दिसते: ठोका लागत नाही.

हे वेगळं करायची एक सोपी युक्ती आहे. लाल आणि हिरव्या पॅडच्या वायरी बोर्डावर अदलाबदल करून लावल्या. आता लाल पॅड हिरव्याच्या जागी बोलत होता, आणि तिथेही ठोके गाळत होता. हिरवा पॅड मात्र लालच्या जागी सुरळीत. म्हणजे बोर्ड शाबूत, दोष पॅडच्या बाजूला. दोष आपल्या जागीच राहिला असता तर बोर्ड पाहावा लागला असता. पाच मिनिटांचं काम, आणि मी ते सगळ्यात शेवटी केलं.

मल्टिमीटर कपॅसिटन्सवर, म्हणजे विद्युतभार साठवायची क्षमता मोजायला, लावून चकती मोजली. 27 मिलिमीटरच्या चकतीला सुमारे 20 नॅनोफॅरॅड दाखवायला हवेत. आकडा बरोबर येत होता, पण वायर जरा हलवली की शून्यावर जात होता. भिंगातून पाहिलं तर मधल्या टाक्याला केसाएवढी चीर. चकती बदलायचीही गरज नव्हती!

डाग द्यायला, म्हणजे सोल्डर करायला, नवी पेठेच्या बाजूला बसणाऱ्या एका टीव्ही दुरुस्तीवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी आधी माझी सोल्डरिंगची मोठी इस्त्री बाजूला सारली. "ही नको. लई तापवलं की वरची चांदी उडंल, मग टाका धरतच नाही." बारीक टोकाची इस्त्री, डाग नीट धरावा म्हणून थोडा फ्लक्स, दोन सेकंद, की लगेच हात मागे. पैसे घेतले नाहीत. मात्र वायर टाक्याजवळच चिकटवून ठेवायला सांगितलं, म्हणजे ओढ टाक्यावर येत नाही.

लाल सुधारल्यावर दुसरी गोष्ट लक्षात आली. निळ्यावर जोरात मारलं की पिवळाही लागायचा. आत सगळ्या चकत्यांखालची फोमची पट्टी वाळून भुसभुशीत झालेली. पिवळ्याची चकती तर अर्धी लोंबकळत होती, म्हणून फ्रेमचा हादराही ती ठोका समजत होती. हा आमच्या माळ्याचा प्रताप. चारही पॅडांना नवा दुहेरी फोम टेप लावला, चकती सपाट बसली आहे ना ते बोटानं पाहिलं. पॅड आणि फ्रेम यांच्यामध्ये सायकलच्या ट्यूबचे वॉशर घातले आणि स्क्रू सगळीकडे सारखे आवळले. एकाला दोन ठोके लागणंही त्यातच थांबलं.

पेडलचं तंत्र निराळं. आमच्या पेडलमध्ये पिझो नाही, चुंबक आणि काचेच्या नळीतला रीड स्विच आहे. पाय दाबला की चुंबक जवळ येतो आणि स्विच जुळतो. पेडलची पिन काढून सेटच्या सॉकेटमध्ये मोकळी केबल लावली आणि तिच्या दुसऱ्या टोकाच्या दोन तारा एकमेकींना टेकवल्या, तर पाचवा दिवा लागला. म्हणजे सेट ठीक, खोट पेडलमध्ये. चुंबक खाचेतून सरकला होता. मागे बसवून चिकटवला.

शेवटी चित्र उशिरा येऊ नये म्हणून टीव्हीवर गेम मोड लावला आणि खेळातलं कॅलिब्रेशन, म्हणजे ठोका आणि पडद्याची वेळ जुळवणं, नव्यानं केलं. हे आधी करून उपयोग नाही. ठोके गळत असतील तर तो हिशेबच चुकतो.

रविवारी पुन्हा तीच खिडकी उघडली. या वेळी काठ्या माझ्या हातात होत्या आणि दिवे मोजायला ती. चारही पॅडांचे पन्नास-पन्नास ठोके तिनं वहीत मांडले. लाल पॅडच्या रकान्यात 50 लिहिलं, त्याखाली दोन रेघा ओढल्या आणि म्हणाली, "आता सरक मामा, मला बसू दे."