दिवाळीला वाळणारा टॉवेल

जुलैत रतनवाडीला गेलो होतो. पहिल्याच संध्याकाळी ओला टॉवेल वलणीवर टाकला. तिसऱ्या दिवशीही तो जसाच्या तसा ओला, वर कुबट वास. घरच्या मावशींना विचारलं, "वाळेल ना हो?" चुलीत फुंकणी मारता मारता त्या म्हणाल्या, "वाळंल की. दिवाळीला."

रतनगडाच्या पायथ्याचं, भंडारदरा धरणाच्या पाण्याकाठचं हे गाव. कोकणातून येणारे ढग कड्याला अडतात, वर चढताना गार होतात आणि इथंच रिते होतात. शेजारच्या घाटघरला वर्षाकाठी ५००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सरळ रेषेत ६०-एक किलोमीटर पूर्वेला संगमनेर, तिथं ५०० भरायची मारामार. दोन्हीकडे नदी एकच, प्रवरा.

अशा गावाबद्दल लिहायचं म्हणजे धबधबे आणि हिरवळ आलीच. मला मात्र त्या घरात ठिकठिकाणी दिसलं ते जपून ठेवलेलं कोरडं. पडवीत छतापर्यंत रचलेलं सरपण. त्यामागे गोवऱ्या. गुरांसाठी माळ्यावर पेंढा. मीठ घट्ट झाकणाच्या बरणीत, तरी त्याला पाणी सुटलेलंच. काडेपेटी चुलीजवळच्या कोनाड्यात, आणि तिला पोरांनी हात लावायचा नाही. चुलीवर टांगलेल्या काळभाताच्या, म्हणजे इथल्या देशी भाताच्या, बियाण्याला धूर लागतो, म्हणून किडा लागत नाही. भाताचं रोपसुद्धा कोरड्यापासूनच सुरू होतं. उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा, गवत वाफ्यावर पसरून राब भाजायचा, मग पावसाची वाट बघायची. आवणीला, म्हणजे रोपं लावताना, बायका पूर्वी पानांचं इरलं घेत, आता प्लास्टिकचा कागद. इरल्याखाली पाठ कोरडी राहायची, असं मावशींचं ठाम मत. कागदाखाली घामानंच भिजायला होतं म्हणे.

टॉवेल शेवटी त्यांनीच चुलीवरच्या दांडीवर टाकला. वाळला, पण पार धुरकटून.

पुढच्या वर्षी मेअखेरीस पुन्हा गेलो. काजवे बघायला गाड्यांची रांग लागली होती. लोक हेडलाइट लावून काजवे शोधत होते, ते सोडा. मी मावशींकडे गेलो तर विहिरीनं तळ गाठलेला. खाली कातळ, वर बोटभर माती, एवढा पाऊस थांबणार कुठं? तो उतारानं धरणात जातो. १९२६ साली बांधून झालेल्या त्या धरणातून कालव्यानं खालच्या शेतांना. पडवीत सरपणाच्या जागी आता हंडे, कळशा, डबे, एक निळा पिंप, सगळ्यांवर झाकणं.

अंगणात ऊन नुसतं भाजत होतं. मी टॉवेल काढला तशा मावशी हसल्या.

"घाला पावणं, आता लगीच वाळंल. धुवायला पाणी तेवढं तुमीच आणा."