गंजाचं गणित

मालवणात खिडकीच्या गजांना कितीही रंग लावा, खारा वारा वर्षभरात पापुद्रे काढतोच. म्हणून शिकवणीच्या पोरांना पहिलं रासायनिक समीकरण मी गंजाचं देते: दोन्ही बाजूंना प्रत्येक मूलद्रव्याचे अणू सारखे भरले पाहिजेत. गंज म्हणजे आयर्न ऑक्साइड; त्यात लोखंडाचे अणू २, ऑक्सिजनचे ३. हवेतला ऑक्सिजन मात्र जोडीनेच येतो. ३ आणि २ चा लसावि ६, म्हणून दोन्हीकडे ऑक्सिजनचे अणू ६ करायचे. म्हणजे ऑक्सिजनचे ३ रेणू, ऑक्साइड २, मग लोखंडाचे अणू ४. लोखंड शेवटी मोजायचं, ते सुटं आहे ना!

पोरं हटकून सूत्रातला खालचा आकडाच बदलतात. अरे, पाण्यातल्या एका ऑक्सिजनचे दोन केलेस की हायड्रोजन पेरॉक्साइड झालं, पितोस का? आकडा सूत्राच्या पुढ्यात लावायचा, पोटात नाही. (खरा गंज पाणीही धरून बसतो, पण ते नंतर.)