स्लिपर क्लच कुठला टाकू? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते

बाइकवाले मला जे प्रश्न विचारतात त्यात हा कायम असतो, 'स्पोर्टबाइकला आफ्टरमार्केट स्लिपर टाकायचाय, एसटीएम घेऊ, सिग्मा घेऊ, सुटर घेऊ का अजून कुठला?' स्लिपर म्हणजे थ्रॉटल बंद करून गियर खाली टाकल्यावर स्वतःहून थोडा घसरणारा क्लच, मागचं चाक उड्या मारू नये म्हणून, आणि आफ्टरमार्केट म्हणजे बाइक कंपनीचा नाही, बाहेरून घेतलेला; एसटीएम, सिग्मा, सुटर हे त्याचे ब्रँड. मी लगेच नाव सांगत नाही म्हणून काहीजण वैतागतात पण माझं उत्तर नावात नाहीचे. माझं मत असंय की ज्याचं स्लिप तुम्हाला स्वतःला कमी-जास्त करता येतं आणि ज्याच्या प्लेट्स, स्प्रिंग पुढची चार-पाच वर्षं सहज मिळत राहतील तो घ्या, आणि घेतल्यावर काम भागेल तेवढंच कमीत कमी स्लिप त्याच्यावर ठेवा. आता असं का ते जरा सविस्तर, कारण हे कळलं की ब्रँड तुम्ही स्वतःच निवडाल.

आधी मागचं चाक उड्या का मारतं ते बघा. कॉर्नरच्या आधी तुम्ही पुढचा ब्रेक जोरात दाबता, सगळं वजन पुढे येतं, मागचं चाक जवळजवळ हलकं होतं. त्याच वेळी थ्रॉटल बंद, गियर खाली, आणि आता इंजिन चाकाला फिरवत नाहीये तर चाक इंजिनला फिरवतंय. हाच बॅक टॉर्क. ढोबळ हिशोब करून बघा, वरच्या आरपीएमला थ्रॉटल बंद असताना लिटर-क्लास (१००० सीसीच्या आसपासचं) इंजिन २० न्यूटन-मीटरच्या आसपास अडवतंय असं धरा, आणि प्रायमरी, गियर, चेन-स्प्रॉकेट मिळून खालच्या गियरला एकूण रेशो १२ धरा. चाकापाशी झाले २४० न्यूटन-मीटर, चाकाची त्रिज्या साधारण ०.३ मीटर, म्हणजे टायर रस्त्याला टेकतो तिथे ८०० न्यूटन, जवळपास ८० किलोचा जोर उलट्या दिशेने. आणि कडक ब्रेकिंगमध्ये त्या टायरवर उरलेलं वजन असतं वीस-तीस किलो. टायर पकडणार कसा? तो सुटतो, परत पकडतो, परत सुटतो, आणि ते फटके चेन, स्विंगआर्म, शॉकमधून गेले की आपल्याला चाक टणाटण उड्या मारतंय असं जाणवतं.

पण हा झाला निम्मा भाग, आणि माझ्या मते निवड चुकते ती दुसऱ्या निम्म्याकडे लक्ष न दिल्यामुळे. वरचा जोर सतत चालू असतो, थ्रॉटल बंद आहे तोवर. दुसरा जोर फक्त गियर पडल्याच्या क्षणी येतो. समजा इंजिन ९,००० वर आहे आणि खालच्या गियरला त्याच स्पीडला ११,००० पाहिजेत, तर क्लच सोडल्यावर क्रँक आणि त्याच्याबरोबर फिरणारं सगळं ते मधले २,००० आरपीएम चढवणार कोण? मागचा टायर. हा झटका क्षणभराचाच पण सतत अडवणाऱ्या जोरापेक्षा कितीतरी मोठा असू शकतो. ब्लिप करून, म्हणजे थ्रॉटल क्षणभर उघडून, गियर टाकला की हा झटका जातो कारण आरपीएम तुम्ही आधीच चढवून दिलेले असतात, ऑटो-ब्लिपर तेच काम आपोआप करतो. पण ब्लिप संपला, थ्रॉटल परत बंद झाला की पहिला जोर आहे तिथेच आहे. राइड-बाय-वायर (केबलऐवजी इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलवाल्या) बाइकवरचं इंजिन ब्रेक कंट्रोल त्या पहिल्या जोरावर काम करतं, थ्रॉटल बटरफ्लाय, म्हणजे हवा आत सोडणारी झडप, थोडी उघडी ठेवून. मेकॅनिकल स्लिपर मात्र दोन्हीवर काम करतो, म्हणून एवढी इलेक्ट्रॉनिक्स येऊनही तो गेलेला नाही.

तर स्वतःला विचारा, गडबड गियर पडताना होते का गियर पडून गेल्यावर, बाइक आत झुकवताना? फक्त पडताना होत असेल तर आधी ब्लिप नीट शिका, कदाचित पैसे खर्च करावेच लागणार नाहीत. हे मी कोणाला कमी लेखायला म्हणत नाहीये, मनापासून म्हणतेय, कारण ब्लिप तुम्हाला प्रत्येक बाइकवर उपयोगी पडेल. आणि अजून एक, मागच्या शॉकचा रिबाउंड (दबल्यावर परत उघडताना होणारा अडथळा) फार जास्त केलेला असेल, चेन फार ढिली असेल किंवा क्लच बास्केटच्या (ज्यात प्लेट्स बसतात त्या बाहेरच्या डब्याच्या) मागचे डँपर स्प्रिंग ढिले झाले असतील तरी चाक असंच वागतं, तेव्हा हे तपासून मगच पुढे जा.

आतमध्ये नक्की काय होतं ते थोडक्यात सांगते. साध्या क्लचमध्ये आतला हब एकसंध असतो. स्लिपरमध्ये तो दोन भागांत असतो, एक गियरबॉक्सच्या शाफ्टवर स्प्लाइनने (दात्यांनी) बसलेला आणि दुसरा ज्याच्यावर प्लेट्स बसतात, आणि दोघांच्या मधे तिरपे रॅम्प, काही डिझाइनमध्ये रॅम्पवर स्टीलचे बॉल. इंजिन ओढत असताना दोन्ही भाग घट्ट बसून एकत्र फिरतात. उलटा टॉर्क आला की एक भाग दुसऱ्याच्या रॅम्पवर चढतो, प्लेट्स दाबून धरणारी प्रेशर प्लेट थोडी उचलली जाते, प्लेट्सवरचा दाब कमी होतो आणि क्लच घसरतो. पुष्कळांना वाटतं हा सायकलच्या फ्रीव्हीलसारखा पूर्ण सुटतो, तसं अजिबात नाहीये. तो एका ठराविक हद्दीपर्यंत बॅक टॉर्क जाऊ देतो आणि त्याच्या वरचा अडवतो. ती हद्द कुठे ठेवायची हाच तुमचा खरा निर्णय आहे.

ती हद्द मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते. एक रॅम्पचा चढ, चढ जितका कमी तितका त्याच टॉर्कमध्ये प्रेशर प्लेट जास्त जोराने उचलली जाते, म्हणजे लवकर स्लिप. दोन, स्प्रिंग. कडक स्प्रिंग म्हणजे उशिरा स्लिप आणि जास्त इंजिन ब्रेकिंग, शिवाय लिव्हर जड. आणि तीन म्हणजे स्टॅक हाइट, सगळ्या प्लेट्स एकावर एक ठेवून मोजलेली एकूण जाडी. हिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं आणि सगळ्यात जास्त त्रास हिच्यामुळेच होतो. प्लेट्स झिजल्या की प्रेशर प्लेट आत सरकते, स्प्रिंगचा दाब कमी होतो, आणि बऱ्याच डिझाइनमध्ये रॅम्पने उचलण्याआधीची मोकळी जागाही कमी होते, त्यामुळे दोन्हीकडून स्लिप वाढत जातं. म्हणजे सीझनच्या सुरुवातीला परफेक्ट सेट केलेला क्लच काही महिन्यांनी आपोआप मऊ होतो आणि रायडरला वाटतं ब्रेक कमी झाले. साध्या क्लचमध्ये अर्धा मिलिमीटर झीज चालून जाते, इथे ती जाणवते. म्हणून व्हर्नियर कॅलिपर घरात पाहिजेच.

म्हणूनच मी म्हणते सेट करता येणारा घ्या. ज्या किटबरोबर वेगवेगळ्या कडकपणाचे स्प्रिंग मिळतात, शिम (पातळ चकत्या) देतात, स्टॅक हाइटचा आकडा मॅन्युअलमध्ये स्पष्ट छापलेला असतो तो क्लच तुम्ही सांभाळू शकता. आणि जो स्टॉक, म्हणजे बाइक कंपनीच्याच, फ्रिक्शन प्लेट्सवर चालतो तो तर फारच चांगला, कारण प्लेट्स झिजणारच आहेत, घसरणं हेच त्याचं काम आहे. बऱ्याच जपानी बाइकच्या स्टील प्लेट्स २.० आणि २.३ मिमी अशा दोन जाडीत मिळतात, एक-दोन प्लेट बदलल्या की स्टॅक परत जागेवर येतो, बाकी काही करावं लागत नाही. याउलट एखादा क्लच कितीही सुंदर कोरलेला असला, पण त्याच्या प्लेट्स फक्त बनवणाऱ्याकडेच मिळतात आणि त्या यायला वेळ लागतो, तर मी तो नाही घेणार.

आता बाइकप्रमाणे. मोठे सिलिंडर म्हणजे व्ही-ट्विन, मोठी सिंगल, यांना खरी गरज, त्यांचं इंजिन ब्रेकिंग जास्त जाणवतं आणि धक्के लांब-लांब येतात. डुकाटीच्या ९१६, ९९६ पासून ९९९, १०९८ पर्यंतच्या साध्या ड्राय (ऑइलशिवाय चालणाऱ्या) क्लचवाल्या बाइक तर आफ्टरमार्केट स्लिपरची हक्काची जागा, कव्हर काढलं की क्लच समोर, ऑइल सांडायचा प्रश्न नाही, स्प्रिंग बदलून लगेच परत ट्रॅकवर जाता येतं. फक्त ड्राय प्लेट्स लवकर झिजतात आणि ट्रॅफिकमध्ये पकड झटक्यात येते हे धरून चाला. एप्रिलियाने १९९८ च्या आरएसव्ही मिलेला वेगळाच उपाय केला होता, थ्रॉटल बंद झाल्यावर इनटेकमध्ये जो व्हॅक्यूम तयार होतो त्यानेच क्लचचा दाब कमी करायचा, मला ती कल्पना अजूनही फार आवडते.

फोर-सिलिंडर सहाशे आणि लिटर बाइकचं वेगळं आहे. कावासाकी झेडएक्स-१०आरला २००४ पासून, सुझुकी जीएसएक्स-आर१००० ला २००५ च्या मॉडेलपासून, यामाहा आर६ ला २००६ पासून कंपनीचाच स्लिपर आहे. होंडा सीबीआर६००आरआरला मात्र बरीच वर्षं नव्हता, २०२१ च्या मॉडेलला असिस्ट-स्लिपर आला. तर तुमच्या बाइकला आधीच असेल तर आफ्टरमार्केटचं एकच कारण उरतं, सेटिंगची मुभा, आणि ती ट्रॅकवर वेगात चालवणाऱ्यालाच लागते. रोजच्या रस्त्यावर चांगल्या स्थितीतला स्टॉक स्लिपर पुरेसा आहे, मी तरी बदलणार नाही. टू-स्ट्रोक असेल तर विषयच नाही, त्याला इंजिन ब्रेकिंग नावापुरतंच असतं. ५०० सीसी टू-स्ट्रोकच्या जागी २००२ मध्ये मोटोजीपीत ९९० सीसी फोर-स्ट्रोक आल्या तेव्हा सगळ्या टीम बॅक टॉर्कच्या मागे लागल्या त्या यामुळेच.

छोट्या बाइकवाल्यांसाठी एक खुलासा, असिस्ट अँड स्लिपर म्हणून जो मिळतो, निन्जा ३०० ला २०१३ मध्ये आला तसा, त्यात रॅम्पची दुसरी बाजू इंजिन ओढत असताना प्लेट्स अजून घट्ट दाबते. त्यामुळे स्प्रिंग मऊ ठेवता येतात आणि लिव्हर हलका होतो. छान गोष्ट आहे पण त्याचा मुख्य फायदा हाताला आहे, ट्रॅकसाठी पाहिजे तशी सेटिंग त्यात मिळत नाही.

विकत घेताना फक्त हब आणि प्रेशर प्लेट मिळतेय का बास्केटसकट पूर्ण किट आहे ते बघा. जुन्या बास्केटच्या बोटांना प्लेट्सनी खाचा पाडल्या असतील तर नवा स्लिपर त्यात घालू नका, प्लेट्स खाचेत अडकतात आणि सरकत नाहीत, मग क्लच कधी सुटतो कधी नाही आणि सगळा दोष नव्या पार्टवर जातो. मॉडेलचं वर्ष अगदी बरोबर जुळवा, एकाच नावाच्या बाइकमध्ये मधेच शाफ्ट नाहीतर क्लच बदललेला असतो. ज्यूडर स्प्रिंग (क्लच पकडताना थरथर होऊ नये म्हणून असलेली) ठेवायची का काढायची, जाड-बारीक प्लेटचा क्रम काय, हब नट किती टॉर्कने आवळायचा हे मॅन्युअलमध्ये असेल तसंच करा, अंदाज नको, तो नट सुटला तर आतलं सगळं खराब होतं. रेस करत असाल तर तुमच्या क्लासचे नियम आधी वाचा, काही क्लासमध्ये क्लच बदलायला परवानगीच नसते. आणि वेट, म्हणजे ऑइलमध्ये चालणारा, क्लच असेल तर ऑइल जासो (ऑइलचा जपानी दर्जा) एमए किंवा एमए२ च घाला, एमबीवालं नको, ते कमी घर्षणासाठी असतं आणि आपल्याला प्लेट्समध्ये घर्षण हवंय. नव्या फ्रिक्शन प्लेट्स बसवण्याआधी त्याच ऑइलमध्ये भिजवून ठेवा.

सेटिंग करताना मी नेहमी कडक बाजूने सुरू करते. म्हणजे जास्त इंजिन ब्रेकिंग, कमी स्लिप, आणि तिथून चाक शांत होईपर्यंत एकेक पायरी मऊ. पूर्ण मऊ ठेवून छान वाटतं खरं पण मग थ्रॉटल सोडल्यावर बाइक वाहतच जाते, पुढच्या ब्रेकवर सगळा भार येतो आणि मागून मिळणारा अंदाज जातो. थोडं इंजिन ब्रेकिंग बाइकला कॉर्नरमध्ये वळायला मदतच करतं. क्लच काम करत असताना लिव्हर बोटांखाली थरथरतो किंवा किंचित सैल पडल्यासारखा वाटतो, बऱ्याच डिझाइनमध्ये हे नॉर्मल आहे, घाबरू नका, फक्त केबलचा फ्री प्ले मॅन्युअलप्रमाणे ठेवा आणि गरम झाल्यावर परत तपासा.

दोन गैरसोयी होतील त्या आत्ताच सांगून ठेवते. बॅटरी उतरली तर ढकलून स्टार्ट करणं कठीण जाईल कारण चाकाचा पूर्ण जोर इंजिनपर्यंत पोचणारच नाही, दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्ये आणि जरा जास्त वेगात प्रयत्न करावा लागतो, तरी खात्री नाही. आणि उतारावर बाइक नुसती गियरमध्ये टाकून सोडू नका, साइड स्टँडवर पुढचं चाक चढाच्या दिशेला ठेवून लावा, पूर्वीसारखं इंजिन तिला धरून ठेवेलच असं नाही.

आता मला विचारायचंच असेल तर मॉडेल आणि वर्ष, ब्लिप करता का नाही, चाक नक्की कधी उडतं, आणि सध्याच्या प्लेट्सची मोजलेली जाडी एवढं आधी लिहा, मग नावाबद्दल बोलू.