रोलाँ गॅरोस नावाचा वैमानिक

पॅरिसच्या सहलीत रोलाँ गॅरोस स्टेडियम दाखवणे हा माझ्या टूर मॅनेजरच्या कामाचा नेहमीचा भाग आहे. गेल्या उन्हाळ्यात गटातील एका विद्यार्थ्याने या गॅरोसने किती अजिंक्यपदे मिळवली असे विचारले, तेव्हा तो टेनिसपटू नसून वैमानिक होता आणि १९२८ मध्ये डेव्हिस चषकासाठी हे स्टेडियम उभे राहताना वर्गमित्र एमिल लेसिएर यांनी त्याच्याच नावाचा आग्रह धरला, एवढे मी सांगितले.

मात्र गटातील एक काका हवाई दलाच्या शस्त्रास्त्र विभागातून निवृत्त झालेले होते, आणि पुढचा पाऊण तास त्यांचाच झाला. १९१३ मध्ये भूमध्य समुद्र विमानाने प्रथम विनाथांबा ओलांडणारा हा तरुण पहिल्या महायुद्धात उतरला, तेव्हा नाकासमोर गोळीबार करायचा तर गोळ्या विमानाच्या पुढच्या फिरत्या पंख्यालाच लागत. काकांनी हातातले तिकीट दुमडून त्याची पाचर केली, ती तळहातावर उभी धरली आणि तिच्या उतारावरून बोट बाजूला घसरवत दाखवले: गॅरोस आणि त्याचा मेकॅनिक ज्यूल ह्यू यांनी पात्यांवर अशाच पोलादी पाचरी बसवल्या होत्या, त्यामुळे पात्यावर आदळणारी गोळी बाजूला उडे आणि बाकीच्या सरळ निघून जात. १ एप्रिल १९१५ रोजी त्याने पहिले जर्मन विमान पाडले. १८ एप्रिलला त्याला शत्रूच्या हद्दीत उतरावे लागले, तो कैद झाला, विमान पुरते जळाले नाही आणि पाचरी जर्मनांच्या हाती लागल्या. जर्मनांसाठी विमाने बनवणाऱ्या फॉकरच्या कारखान्याने लवकरच पंख्याच्या गतीशी जुळवून झाडणारी बंदूक आणली. आपल्या शोधाने शत्रूला वाट दाखवली, हे त्या माणसाने कैदेत कसे सोसले असेल, याचा विचार मी इतक्या फेऱ्यांत कधी केला नव्हता.

फेब्रुवारी १९१८ मध्ये जर्मन अधिकाऱ्याचा वेश करून तो निसटला. नजर अधू झालेली, हवाई युद्धाची रीतही बदललेली. पंतप्रधान क्लेमान्सो त्याला सल्लागार म्हणून मागे ठेवू पाहत होते, तरी तो नव्याने शिकून आघाडीवर गेला. ५ ऑक्टोबरला, तिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, ईशान्य फ्रान्समधल्या व्हूझिएजवळ तो मारला गेला.

व्हूझिए आमच्या कार्यक्रमात बसत नव्हते, तरीही परतीच्या बसमध्ये काकांनी तिथला रस्ता माझ्याकडून नकाशावर नीट समजावून घेतला.