सोळावा आकडा

ठाण्यातल्या एका कॉलेजात मी सिस्टीम सांभाळतो. आमच्याकडे टाइमटेबलचं सॉफ्टवेअर वेगळं आणि विद्यार्थ्यांच्या नोंदींचं वेगळं. ऑफिसमधून आठवड्याला एक एक्सेल फाइल निघायची आणि टाइमटेबलवाले सर ती अपलोड करायचे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर ओपन इलेक्टिव्ह आले, तशी मुलांची या वर्गातून त्या वर्गात ये-जा वाढली. सोमवारी विषय बदललेला मुलगा शनिवारपर्यंत जुन्या वर्गात गैरहजर लागायचा. ७५ टक्के हजेरीची अट असल्यावर पोरं भांडायला येणारच.

म्हणून थेट जोडणी करायचं ठरलं. ऑफिसात नोंद बदलली की ते सॉफ्टवेअर त्याच क्षणी टाइमटेबलला निरोप धाडणार, म्हणजे वेबहुक. दोन दिवसांत होईल, असं मी प्राचार्यांना सांगून बसलो.

चाचणीत निरोप नीट जात होते, पण पलीकडे मुलंच सापडेनात. रोल नंबर दरवर्षी बदलतो, म्हणून ओळख पटवायला मी विद्यापीठाचा सोळा आकडी पीआरएन, म्हणजे कायमचा नोंदणी क्रमांक, घेतला होता. टाइमटेबलमधली यादी उघडून पाहिली, तर बहुतेक पीआरएनच्या शेवटी शून्य! रात्री अकराला डोक्यात उजेड पडला. एक्सेल संख्येचे पहिले पंधरा आकडेच जपतं, सोळाव्याच्या जागी शून्य ठेवतं. ऑफिसच्या फाइलमध्ये तो रकाना टेक्स्ट, म्हणजे संख्या न मानता जसाच्या तसा मजकूर, केलेलाच नव्हता. त्यामुळे ओळीने नंबर असलेली दहा मुलं एकाच पीआरएनवर येऊन बसली होती. त्या दहांत ज्याचा शेवटचा आकडा खरंच शून्य, तेवढा एक नशीबवान. इतकी वर्षं हे कुणाला कळलं नाही, कारण सर नावावरून यादी लावायचे. मग एक्सेलला मधून काढलं आणि सगळी यादी थेट डेटाबेसमधून नव्याने भरली.

त्यानंतर वेळ खाल्ली ती माणसांनी. मी जोडणी दोन्ही बाजूंनी ठेवली होती. इकडे बदल झाला की तिकडे निरोप, आणि तिकडे नोंद झाली की परत इकडे. एका मुलाची बॅच अशी रात्रभर टोलवली गेली. तेव्हा कुठली माहिती कुणाच्या मालकीची, हा वाद निघाला. ऑफिसच्या मॅडम म्हणाल्या, "डिव्हिजन आम्ही देतो." सर म्हणाले, "प्रॅक्टिकलच्या बॅचेस मी पाडतो, लॅबमध्ये जागा किती ते तुम्हाला काय माहीत?" दोघांचंही खरं होतं. नाव, डिव्हिजन, विषय ऑफिसकडे; बॅच, खोली, वेळ सरांकडे. चहाच्या दोन फेऱ्यांत ठरलं. हे आधी विचारलं असतं तर माझा एक आठवडा वाचला असता.

किरकोळ दुखणी होतीच. सकाळी आठचं लेक्चर पहाटे अडीचला दिसायचं, कारण सर्व्हरची वेळ साडेपाच तास मागे. पोच वेळेत मिळाली नाही की तोच निरोप पुन्हा यायचा, म्हणून प्रत्येक निरोपाचा क्रमांक जपून ठेवला. दुसऱ्यांदा आला की सोडून द्यायचा. पावसात वीज गेली तर निरोप हरवतात, त्यासाठी रात्री दोनला दोन्हीकडच्या याद्या ताडून बघणारं एक काम लावलंय.

परवा एका मुलीने ऑफिसात विषय बदलला आणि ती जिना चढेपर्यंत तिचं नाव नव्या वर्गाच्या यादीत आलं होतं. फक्त सर अजून सकाळी सातला यादीची प्रिंट काढतात. तिचं नाव त्यांनी खाली पेनाने लिहून घेतलं.