शालूचा केक आणि ओली हळद

शनिवार, रात्री

मारुती रोडवर आज ओल्या हळदीचे ढीग लागले होते. शेजारीच आंबेहळद. तिला कैरीचा वास असतो, लोणच्याला ती छान. मला हवी होती ती साधी हळद, मोडल्यावर आतून गडद केशरी निघणारी. घेतली पाव किलो. भाजीवाल्या मावशींनी विचारलं, "एवढ्याचं काय करताय?" केक म्हटल्यावर त्या थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत.

गोडात हळद म्हटलं की बहुतेकांचं असंच होतं. मला याचं मनापासून वाईट वाटतं. आपलं सांगली गाव हळदीच्या सौद्यांवर मोठं झालं. शेजारच्या हरिपुरात हळद साठवायला जमिनीत पेवं खोदायचे, वर तोंड अरुंद आणि खाली पोट मोठं. आत हवा खेळत नसल्यामुळे माल कीड न लागता वर्षानुवर्षं टिकायचा. २००५ च्या महापुरात त्यातली पुष्कळ पेवं गेली. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. एवढं सगळं असून घरात तिची जागा काय, तर फोडणीत चिमूटभर आणि सर्दी झाली की दुधात. तिची स्वतःची चव, ती मातकट, किंचित कडसर, संत्र्याच्या सालीच्या जवळ जाणारी, ती आपण कधी नीट चाखतच नाही.

केकसाठी ठरवलेलं सामान सगळं इथलंच आहे. जतकडच्या शालूचं, म्हणजे रब्बी ज्वारीचं पीठ, गुऱ्हाळावरून आणलेली काकवी, तासगावचा बेदाणा, घरचं दही आणि तूप. मैदा नाही, साखर नाही, अंडं नाही.

रविवार

पिठापासून सुरुवात. ज्वारीत ग्लुटेन नसतं. मैद्यात ते असतं, म्हणून केक फुगतो आणि फुगलेला टिकतो. ज्वारीचं पीठ नुसतं कालवून भाजलं तर वडी भुसभुशीत होते आणि सुरी लागताच कोसळते. यावर बाहेरचे लोक निरनिराळे डिंक घालतात. आमच्या घरात उपाय आधीपासून होता. पीठ जुनं होऊन त्याची विरी (चिकटपणा) गेली की भाकरी थापताना कडेनं चिरते, तेव्हा आई (माझ्या सासूबाई) आधणाचं पाणी घालून पीठ मळतात. गरम पाण्यानं पिठातलं स्टार्च फुगतं, चिकट होतं आणि पीठ एकमेकांना धरतं. केकमध्येही मी हेच करते. वाटीभर पिठातला पाव भाग बाजूला काढायचा, पाऊण वाटी पाणी आणि अर्धी वाटी काकवी उकळून त्यात तो घालायचा, उकड काढायची, झाकून कोमट होऊ द्यायची. आईंनी ती बोटांनी दाबून बघितली आणि म्हणाल्या, "आता थापलीस तरी चालेल." त्यांच्याकडून एवढं कौतुक म्हणजे खूप झालं.

बेदाणा मात्र काळपट, स्वस्तातला घ्यावा. हिरव्या बेदाण्याला भाव जास्त, तो दिसायला सुरेख, पण वाटून घालायचा तर त्या रंगाचे पैसे कशाला मोजायचे? पिवळ्याला बहुधा गंधकाची धुरी दिलेली असते, तिचा वास केकमध्ये मला नको वाटतो. मूठभर बेदाणा कोमट पाण्यात फुगवून वाटला की दाट गर होतो. तो गोडवा देतो, ओलावा धरतो आणि अंड्याची उणीव बऱ्यापैकी भरून काढतो.

आता हळद. किसून थेट पिठात घातली तर रंग ठिपक्याठिपक्यांनी राहतो, कारण तिचं पिवळेपण पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तुपात विरघळतं. म्हणून पाव वाटी तुपात चमचाभर कीस मंद आचेवर परतला. कच्चा दर्प गेला, तूप सोनेरी झालं, वर मिऱ्याची दोन चिमूट पूड. जायफळ मुद्दाम टाळलं. जायफळ आलं की सगळं पुरणपोळीच्या वळणावर जातं.

सोड्याचं मला डोळ्यांनी बघायचं होतं, म्हणून दोन छोटे डबे लावले. एकात नुसता सोडा, दह्याशिवाय. दुसऱ्यात अर्धी वाटी दही आणि सोडा अगदी पाव चमचा. पहिला केक तांबूस-तपकिरी निघाला आणि चवीला साबणासारखा झाला. दुसरा छान पिवळा, काकवीमुळे जरा मधासारखा. हळद क्षारात लाल होते, आंबटात पिवळी राहते. कामाला येणाऱ्या मावशींना दोन्ही दाखवले, तर त्या लगेच म्हणाल्या, "वहिनी, हळदीच्या डागाला साबण लावला की लाल होतोय न्हवं? आन् कुंकू तरी कशाचं करत्यात, हळद आन् चुन्याचंच की!" मी जे चार ठिकाणी वाचून जुळवत होते ते त्यांनी एका दमात सांगितलं. म्हणून पुन्हा लिहून ठेवते: हळदीच्या केकमध्ये दही हवंच, आणि सोडा हात राखून.

काकवी लवकर करपते. १८० वर वरचा पापुद्रा काळा होतो आणि मध्य कच्चा राहतो, म्हणून १६० अंशांवर पाऊण तास.

सोमवार, सकाळी

दह्याचा केक काल कापला नाही, हे फार बरं झालं. ज्वारीचा केक गरम असताना चिकट लागतो. रात्रभर मुरल्यावर फोडी स्वच्छ निघाल्या, कडा खरपूस, मध्ये ओलसर. आधी काकवी लागते, मग शालूचा गोडसर दाणेदारपणा, आणि हळद सगळ्यात शेवटी, घशाशी. लेकीनं त्यावर लोणी लावून खाल्लं. आई म्हणाल्या, त्यांच्या लहानपणी मे महिन्यात मैदा, डालडा आणि पिठीसाखर घेऊन बेकरीत जायचे, तिथल्या भट्टीत नानकटाई भाजून डब्यातून घरी आणायचे. तेव्हा ज्वारीचं पीठ घेऊन गेलो असतो तर बेकरीवाल्यानं परत पाठवलं असतं, असंही म्हणाल्या.

मला वाटतं, तशी नानकटाई शालूची करून बघायला हवी. तिला फुगायचं नसतं, खुसखुशीत व्हायचं असतं, म्हणजे ग्लुटेन नसणं तिथे फायद्याचंच. उकडही नको. पीठ आधी कढईत खमंग भाजून घ्यायचं, काकवीऐवजी किसलेला गूळ, कारण काकवीच्या ओलाव्यानं ती मऊ पडेल. उरलेली हळद फ्रीजमध्ये आहे, ती मात्र यात नाही. कामाच्या मावशींनी त्यांच्या नातवासाठी केकच परत मागितला आहे, हळद त्या केकला ठेवली.